विश्लेषण : गाडीवर पाण्याचे मोती दिसले, म्हणजे रंग सुरक्षित?

सिरॅमिक कोटिंग विकताना एक प्रयोग हमखास दाखवला जातो. बोनेटवर पाणी फवारतात, त्याचे टपोरे थेंब होतात आणि अळवावरच्या पाण्यासारखे ते आता गाडीवर ठरणारच नाही, असे ग्राहकाला वाटते. प्रत्यक्षात थेंब होणे आणि थेंब घसरून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंगाच्या दृष्टीने दुसरी जास्त महत्त्वाची.

थेंब का तयार होतात?

पाण्याचे रेणू एकमेकांना खेचून धरतात. स्वच्छ काचेचे पाण्याला असलेले आकर्षण त्याहून प्रभावी ठरते, म्हणून तिच्यावर पाणी पसरते. मेण किंवा सिरॅमिक कोटिंगला पाण्याचे आकर्षण कमी. मग पाणी स्वतःलाच आवळून घेते आणि थेंब होतो. थेंबाच्या कडेचा पृष्ठभागाशी होणारा कोन म्हणजे स्पर्शकोन. तो ९० अंशांहून जास्त असेल तर पृष्ठभाग पाणी झिडकारणारा मानतात. चांगल्या कोटिंगवर हा कोन साधारण १०० ते ११० अंश असतो.

मग अळवाचे पान वेगळे कसे?

अळू किंवा कमळाच्या पानावर हा कोन १५० अंशांच्या पुढे जातो. तिथे मेणाच्या जोडीला डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात. थेंब त्यांच्या टोकांवर बसतो, खाली हवा राहते, त्यामुळे तो धूळ घेऊन गडगडत जातो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानाची ही स्वच्छता उलगडून दाखवली. गाडीला मात्र चकाकी हवी, म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीतच हवा. गुळगुळीत पृष्ठभागावर रसायन कितीही चांगले असले तरी स्पर्शकोन १२० अंशांच्या आसपास थांबतो.

थेंब अडतो कशामुळे?

उतारावरचा थेंब पुढून फुगतो, मागून चपटा होतो. या दोन बाजूंच्या कोनांतला फरक कमी असेल तर थेंब सहज सुटतो. धूळ आणि तेलकटपणा हा फरक वाढवतात. लहान थेंबाला तर खाली ओढणारे वजनही कमी. म्हणून सपाट टपावर मोती दिसतात, पण हलत नाहीत.

त्याने बिघडते काय?

बोअरवेलच्या जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब उन्हात सुकला की ते एका जागी साचून पांढरे वर्तुळ उमटते. कोटिंग केलेल्या गाडीवरही हे डाग पडतात आणि बरेच दिवस राहिले तर सहज निघत नाहीत.

मग कोटिंगचा उपयोग काय?

रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. सिरॅमिक कोटिंग त्यावर रासायनिक बंधाने घट्ट बसते, म्हणून मेणापेक्षा खूप जास्त काळ टिकते. चिखल, पक्ष्यांची विष्ठा धुऊन काढणे सोपे जाते. पण बहुतेक कोटिंग एक-दोन मायक्रॉनचेच असते. उडालेला खडा ते अडवू शकत नाही. त्यासाठी जाड पारदर्शक फिल्म लागते. जाहिरातीतील ‘९ एच’ हा पेन्सिलीने ओरखडून मोजायचा कठीणपणा आहे, हिऱ्याशी त्याची तुलना होत नाही.

घरी काय करता येईल?

मोती मोजत बसू नका, बोनेटवर मगभर पाणी ओता आणि ते किती लवकर ओघळते ते पाहा. पाणी रेंगाळू लागले तर लगेच नव्या कोटिंगवर खर्च करू नका. आधी कार शाम्पूने गाडी नीट धुवा. अनेकदा कोटिंग शाबूत असते, वर फक्त मळ बसलेला असतो. शेवटी पाणी फवारण्याऐवजी नळीची संथ धार वरून सोडा, म्हणजे थेंब एकमेकांत मिसळून ओघळतात. उरलेले पाणी सावलीतच मायक्रोफायबर कापडाने टिपा. कोटिंग कितीही महागडे असले तरी हे शेवटचे काम आपल्यालाच करावे लागते.