सांडपाण्यातला स्फुरद

बर्लिन : पिकाला लागणाऱ्या तीन प्रमुख अन्नांशांपैकी नत्र कारखान्यात हवेतून मिळवता येते, स्फुरद म्हणजे फॉस्फरस मात्र मुख्यतः फॉस्फेटच्या खडकातूनच घ्यावा लागतो, आणि तो खडक जर्मनीला आयात करावा लागतो. युरोपीय संघाने 2014 मध्ये या खडकाचा समावेश अत्यावश्यक कच्च्या मालाच्या यादीत केला. भिवंडी तालुक्यातील भातशेतीत पडणाऱ्या डीएपीची गोष्टही फार वेगळी नाही, कारण भारत हे खत व त्याचा कच्चा माल मोठ्या प्रमाणावर परदेशातूनच आणतो.

जर्मनीने या टंचाईचा विचार दोन टोकांनी केला आहे. पहिले टोक शेताचे. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या शेताच्या मातीतील स्फुरद किमान सहा वर्षांतून एकदा तपासावा लागतो, आणि तो ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असल्यास पीक जेवढा उचलून नेईल तेवढाच पुन्हा देता येतो. कारण जादा स्फुरद धुपणाऱ्या मातीबरोबर तळ्या-नद्यांत जातो आणि तेथे शेवाळ माजवतो.

दुसरे टोक शहराचे. 1870 च्या दशकापासून जेम्स होब्रेख्त यांच्या योजनेनुसार बर्लिनचे सांडपाणी शहराबाहेरील शेतांत सोडले जाई; त्यातून अन्नांश मातीत परतले, पण पुढे जड धातूही साचले. हा धोका टाळून स्फुरद परत मिळवावा, यासाठी 2017 चा नियम आला. 1 लाखाहून अधिक लोकसंख्येइतका भार वाहणाऱ्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांना 2029 पासून, तर 50 हजारांहून अधिक भाराच्या केंद्रांना 2032 पासून, गाळात पुरेसा स्फुरद असल्यास तो काढून घेणे बंधनकारक होईल. गाळ जाळल्यास राखेतील किमान 80 टक्के स्फुरद मिळवावा लागेल. बर्लिनच्या वासमान्सडॉर्फ केंद्रात गाळात मॅग्नेशियम क्लोराइड मिसळून स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट यांचे स्फटिक, बनवले जाते आणि ते खत म्हणून विकले जाते.

2011 च्या जनगणनेत 7 लाखांहून अधिक वस्तीचे भिवंडी शहर अशा नियमात पहिल्याच टप्प्यात आले असते. परंतु यंत्रमागांच्या या गावात कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचे पाणी घरगुती सांडपाण्यापासून वेगळे ठेवल्याशिवाय तेथील गाळ खत म्हणून विश्वासार्ह ठरणार नाही. शेताच्या टोकाला मात्र कोकणाकडे स्वतःची पद्धत आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत भाताचा तूस किंवा पेंढा यांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा हिरवा पाला आणि नियंत्रित लावणी यांच्या जोडीला युरिया-डीएपीची सुमारे 2.7 ग्रॅमची ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचतात. स्फुरद मातीत फारसा हलत नाही, लोह, ॲल्युमिनियम वा कॅल्शियमशी बांधला जातो आणि पहिल्या हंगामात पिकाला त्याचा थोडाच वाटा मिळतो. म्हणून तो फोकून टाकण्यापेक्षा मुळांच्या जवळ देणे अधिक उपयोगाचे ठरते. हेक्टरी 62,500 ब्रिकेटी म्हणजे सुमारे 170 किलो खत.

जर्मन यंत्रणा खर्चिक आहे आणि तिला गाळ जाळण्याची वेगळी केंद्रे लागतात. त्यामुळे भिवंडीने तिच्यातील माती-परीक्षणाचा नियम आणि कोकणातील ब्रिकेट आधी घ्यावी, आणि सांडपाण्याच्या नव्या वाहिन्या आखताना रंगाईचे पाणी वेगळे काढून पुढच्या पायरीची वाट मोकळी ठेवावी, हेच व्यवहार्य दिसते.