सोळा सेकंदांत फोन!

आयआयटी, हार्वर्ड, मॅकिन्झीचं सर्वोच्च पद, बिल गेट्ससोबत समाजकार्य... आणि मग तुरुंग! हेज फंडांच्या दुनियेतल्या सगळ्यात गाजलेल्या इनसायडर ट्रेडिंग केसची ही गोष्ट.

तारीख २३ सप्टेंबर २००८. लेहमन ब्रदर्सचं दिवाळं निघून आठवडा उलटला होता आणि वॉल स्ट्रीटचे धाबे दणाणले होते. दुपारी गोल्डमन सॅक्सच्या संचालक मंडळाची फोनवरच मीटिंग झाली. बातमी जबरदस्त होती. वॉरन बफे यांची बर्कशायर हॅथवे गोल्डमनमध्ये ५ अब्ज डॉलर घालणार होती!

मीटिंग संपली. त्यानंतर अवघ्या १६ सेकंदांत एका संचालकाने दुसरा फोन लावला, न्यूयॉर्कमधल्या एका हेज फंडाच्या मालकाला. बाजार बंद व्हायला जेमतेम काही मिनिटं होती. तेवढ्यात त्या फंडाने गोल्डमनचे शेअर्स धडाधड उचलले. संध्याकाळी बातमी जाहीर झाली, दुसऱ्या दिवशी भाव वधारला आणि आठ लाख डॉलरच्या वर फायदा झाला.

फोन करणारे रजत गुप्ता. घेणारे राज राजरत्नम.

एक शब्द : 'एज'

हेज फंड म्हणजे ढोबळमानाने श्रीमंतांचा म्युच्युअल फंड. तुम्हा-आम्हाला इथे एंट्री नाही. मॅनेजरची फी मात्र तगडी. जुना रिवाज म्हणजे रकमेवर दोन टक्के आणि वर नफ्यातले वीस टक्के! आता एवढी फी घ्यायची तर रिझल्टही तसा दाखवायला हवा. म्हणून या धंद्यात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो, 'एज'. म्हणजे इतरांपेक्षा आधी आणि इतरांपेक्षा जास्त ठाऊक असणं. ताळेबंद चाळून, डीलर्सशी बोलून, डोकं लढवून मिळवलेली एज ही मेहनत. कंपनीच्या आतल्या माणसाकडून गुपचूप मिळवलेली एज हा गुन्हा.

राजरत्नम मूळचे कोलंबोचे, एमबीए व्हार्टनचं. १९९७ मध्ये त्यांनी गॅलिऑन ग्रुप सुरू केला आणि ऐन भरात असताना हा फंड सुमारे ७ अब्ज डॉलर सांभाळत होता. टेक कंपन्यांची नस त्यांना बरोब्बर सापडते, असा लौकिक होता. ती नस कुठून सापडायची, हे पुढे कोर्टात कळलं.

मैत्रीचं नेटवर्क

व्हार्टनमधले त्यांचे बॅचमेट अनिल कुमार मॅकिन्झीत बड्या हुद्द्यावर होते. कुमार यांनी साक्षीत सांगितलं, की तू एवढा राबतोस त्या मानाने तुला मिळतं किती, असं म्हणत राजरत्नम यांनी त्यांना वर्षाला पाच लाख डॉलरची ऑफर दिली होती. पैसे फिरवले गेले ते कुमार यांच्या घरी काम करणाऱ्या बाईच्या नावाच्या खात्यातून! बदल्यात क्लायंट कंपन्यांची खबर. २००६ मध्ये एएमडी ही चिप कंपनी एटीआय विकत घेणार, ही त्यातली एक. दुसरे बॅचमेट राजीव गोयल इंटेलमध्ये होते. त्यांनीही गुन्हा कबूल केला.

पैशाचं पाकीट एकदम समोर आलं, तर आपल्यापैकी बरेचजण दचकतील. इथे समोर आला तो कॉलेजचा दोस्त आणि तुझी किंमत तुझ्या कंपनीला कळत नाही, हे गोड वाक्य.

फोन टॅप होत होता

माफिया आणि ड्रग्जच्या केसेसमध्ये वापरतात तसं फोन टॅपिंग सरकारने २००८ मध्ये राजरत्नम यांच्या मोबाइलवर लावलं. इनसायडर ट्रेडिंगसाठी एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे पहिल्यांदाच होत होतं. १६ ऑक्टोबर २००९ रोजी अटक झाली आणि आठवड्याच्या आत फंड गुंडाळायची घोषणाही झाली.

आपण ठिकठिकाणची उघड माहिती जोडून अंदाज बांधत होतो, हा राजरत्नम यांचा बचाव होता. पण ज्युरींनी टेप्स ऐकल्या होत्या. मे २०११ मध्ये सर्व १४ आरोपांत ते दोषी ठरले आणि ११ वर्षांची कैद झाली. इनसायडर ट्रेडिंगसाठी तोपर्यंत एवढी मोठी शिक्षा कुणालाच झाली नव्हती.

गुप्तांनी असं का केलं?

खरा धक्का होता तो हा. कोलकात्यात जन्म, आयआयटी दिल्ली, हार्वर्डचं एमबीए. १९९४ ते २००३ मॅकिन्झीचे प्रमुख. हैदराबादची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस उभी करण्यात पुढाकार. परदेशी करिअरची स्वप्नं बघणाऱ्या कितीतरी भारतीय मुलांचा हा पोस्टर बॉय!

सप्टेंबरचा तो फोन टॅप झालाच नव्हता. पुरावा होता तो घड्याळाचा. २३ ऑक्टोबर २००८ रोजी गोल्डमनच्या संचालकांना कळलं, की या तिमाहीत तोटा होणार. मीटिंग संपल्यावर २३ सेकंदांत पुन्हा फोन! दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलिऑनने शेअर्स विकून तीस लाख डॉलरच्या वर नुकसान टाळलं. आणि त्याच दिवशी राजरत्नम सिंगापूरमधल्या सहकाऱ्याला सांगत होते, की गोल्डमनच्या बोर्डवरच्या एकाकडून तोट्याचं कळलंय. हा कॉल मात्र रेकॉर्ड झाला होता.

या टिप्सच्या बदल्यात गुप्तांनी रोख पैसे घेतल्याचं सरकारने दाखवलं नाही. दोघांची दोस्ती होती आणि धंद्यातले संबंध होते, हा सरकारचा मुद्दा. राजरत्नमसोबतच्या एका गुंतवणुकीत गुप्तांचे एक कोटी डॉलर बुडाले, मग ते टिप कशाला देतील, हा बचाव. जून २०१२ मध्ये ज्युरींनी सहापैकी चार आरोपांत त्यांना दोषी ठरवलं. बिल गेट्स, कोफी अन्नान यांच्यासह चारशेवर लोकांनी न्यायाधीशांना पत्रं लिहिली. त्यांचं चांगलं काम न्यायाधीशांनी मान्य केलं, पण विश्वासघात तो विश्वासघातच! दोन वर्षांची कैद आणि ५० लाख डॉलर दंड झाला. २०१९ मधल्या आत्मकथनात गुप्तांनी आपण निर्दोष असल्याचंच म्हटलंय. अपिलात मात्र त्यांच्या हाती काही लागलं नाही.

या दोन मिनिटांच्या बोलण्यातून त्यांना मिळालं काय? बहुधा फक्त, बघ, मला आधी कळतं, हा रुबाब. तो आपल्यालाही आवडतो. कँटीनमध्ये, रियुनियनला, चुलतभावाच्या लग्नात... कुणीतरी विचारतं, काय रे, तुमच्या कंपनीचं काय चाललंय? आणि आपल्याला भाव खायचा असतो.

तुमच्या डेस्कवर...

* सेबीचे इनसायडर ट्रेडिंगचे पहिले नियम १९९२चे. २०१५ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. जाहीर न झालेली, भावावर परिणाम करू शकणारी माहिती विनाकारण दुसऱ्याला सांगणं हाही त्यात गुन्हाच. तुम्ही स्वतः एकही शेअर घेतला नसला तरी!
* 'ट्रेडिंग विंडो बंद आहे' हा मेल न वाचता डिलीट करू नका. तो बॉसलाच नाही, तुम्हालाही असू शकतो.
* खुर्चीमुळे कळलेली गोष्ट खुर्चीची असते. घरी जाताना ती तिथेच ठेवून निघा.