कंपनी बुडाली की नोकऱ्या किती गेल्या, हे मोजायचं कसं?

संशोधनासाठी 'कंपनीची दिवाळखोरी आणि रोजगार' असा विषय डोक्यात घोळतोय? विषय चांगला आहे. पण आकड्यांच्या मागे लागण्याआधी 'नोकरी गेली' म्हणजे नक्की काय, ते ठरवा.

फ्युचर रिटेल घ्या, म्हणजे बिग बझारवाली कंपनी. तिचा घरसजावटीचा 'होमटाऊन' व्यवसाय आधीच वेगळ्या कंपनीत गेला होता. 20 जुलै 2022 ला एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाने तिच्याविरुद्ध बँक ऑफ इंडियाचा अर्ज दाखल करून घेतला. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत रिलायन्सने बरीच दुकानं ताब्यात घेऊन तिथल्या कर्मचाऱ्यांना काम देऊ केलं होतं. आता बघा. जुलैपासून मोजलं, तर आधी बाहेर पडलेले निसटतात. नुसता कंपनीचा पट पाहिला, तर मालक बदलून त्याच दुकानात राहिलेलाही 'नोकरी गेलेला' ठरतो.

थकीत पगाराचंही तसंच. 2016 च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम 53 नुसार, कंपनी अवसायनात गेली की कामगारांची आधीच्या 24 महिन्यांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने येतात. इतर कर्मचाऱ्यांची फक्त 12 महिन्यांची, आणि तीही त्यांच्या खाली. म्हणून 'कामगार' आणि 'कर्मचारी' एकाच रकान्यात टाकू नका.

आता आपल्या बीडकडे या. परळीच्या वैद्यनाथ सहकारी साखर कारखान्याच्या लिलावाची नोटीस बँकेने काढली, ही बातमी तुम्ही वाचली असेल. पण सहकारी संस्थांना ही संहिता लागू नाही. एनसीएलटीच्या याद्यांवरच अभ्यास उभा केला, तर असा कारखाना त्यात सापडणारच नाही. शिवाय ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतात. कारखान्याच्या पटावर त्यांचं नाव नसतं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता': मोजणीत एक की दोन? टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली, तर काम गेलं की लांब गेलं?

आणि नवी नोकरी मिळाली म्हणजे नुकसान संपलं, असंही नाही. जेकबसन, लालोंड आणि सुलिव्हन यांनी 1993 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या नोंदींवरून दाखवलं, की अडचणीत आलेल्या कंपन्यांमधून बाहेर पडलेल्या जुन्या कामगारांची कमाई कित्येक वर्षांनंतरही सुमारे 25 टक्क्यांनी कमीच होती. त्यांनी तुलना केली ती नोकरी टिकलेल्या तशाच कामगारांशी. तुमचा तुलनागट कोणता?

प्रस्ताव लिहिण्याआधी हे उत्तर वहीत उतरवा. आणि प्रश्नावली छापायच्या आधी एखाद्या मुकादमाला, दोन-चार तोडणीवाल्या बायकांना भेटून या. तुमच्या तक्त्यात कोणते रकाने कमी आहेत, ते तिथेच कळेल.