ट्रॉलीचे दिवे मिणमिणतात? आधी अर्थिंग बघा!

मंडळी, आपल्या कडा गावातून ट्रॅक्टर-ट्रॉल्या ऊसतोडीला निघण्याआधी एवढं कराच. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद पेटतो? बहुतेक वेळा बल्ब चांगला असतो, बिघाड अर्थिंगचा असतो. करंटला परतीची वाट मिळाली नाही की तो दुसऱ्या बल्बमधून फिरतो. अर्थिंगसाठी हुकाच्या खिळीवर भरवसा नको. तिथे गंज, ग्रीस आणि माती असते.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून वेगळी वायर थेट दिव्याच्या बॉडीला टेकवा. दिवा लख्ख झाला, तर दोष सापडला! सात पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची पिन साधारण ३ नंबरची. ती पॉलिश पेपरने घासा, ट्रॉलीच्या चासीपर्यंत स्वतंत्र वायर ओढा.

फ्यूज सारखा उडतो? वळणावर घासून सोललेली वायर शोधा. फ्यूजच्या जागी तार मात्र कधीच घालू नका, वायरिंग पेटतं.