हीट पंप : अंशाअंशाचा हिशेब

झुरिकच्या राटहाउसमध्ये, म्हणजे नगरभवनात, १९३८ साली एशर वीस कंपनीचा एक हीट पंप बसला. शेजारच्या लिमात नदीच्या थंड पाण्यातून उष्णता उपसून तो ६० अंशांचे पाणी देई आणि त्यावर सभागृह उबदार राही. २००१ पर्यंत तो कामावर होता. कल्पना त्याहून जुनी. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी ती १८५२ मध्ये मांडली होती.

विहीर जितकी खोल तितके पाणी ओढायला कष्ट जास्त, उष्णतेचेही तसेच. एक युनिट विजेमागे किती युनिट उष्णता मिळते, तो यंत्राचा गुणांक. त्याची कमाल मर्यादा कार्नोच्या १८२४ मधल्या विचारातून निघते : गरम बाजूचे केल्विन तापमान भागिले दोन्ही बाजूंतला फरक. नदी ५ अंशांवर आणि पाणी ६० अंशांवर असेल, तर ही मर्यादा सुमारे ६. खोली तापवायला फरशीखालच्या नळ्यांत ३५ अंशांचेच पाणी खेळवले, तर तीच १० च्या वर जाते.

प्रत्यक्षात यंत्र यापासून बरेच दूर राहते. उष्णता वाहायची तर फरक हवाच. नदीकडून ती घ्यायला यंत्रात फिरणारा उष्णतावाहक, म्हणजे रेफ्रिजरंट, ५ अंश जास्त थंड आणि पाण्याला द्यायला ५ अंश जास्त गरम ठेवला, की ५ ते ३५ हा ३० अंशांचा चढ ४० होतो आणि १०.३ ची मर्यादा ७.८ वर येते. कॉम्प्रेसर सुरू होण्याआधीच चौथा हिस्सा गेला! ही देवाणघेवाण जिथे होते तो हीट एक्स्चेंजर मोठा केला तर ही गळती घटते, पण तांबे, जागा आणि पैसा वाढतो. सुधारणेचा सगळा खेळ या तडजोडीत आहे. रेफ्रिजरंटचा दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये तो दाब नुसताच वाया जातो. इजेक्टर त्यातला काही भाग परत मिळवतो. इन्व्हर्टरवरचा कॉम्प्रेसर गरजेपुरताच फिरतो. त्यामुळे मंद भारावर त्याच एक्स्चेंजरमध्ये फरक आपोआप कमी होतो.

सर्वांत देखणा उपाय हान्स लोरेन्झ यांच्या १८९४ च्या विचारातून येतो. नळाचे पाणी तापताना त्याचे तापमान सतत चढते. मग उष्णता देणाऱ्याचेही तापमान त्याच्या जोडीने उतरत गेले तर दोघांतले अंतर सर्वत्र थोडेच राहील. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांवरच्या क्रांतिक बिंदूपलीकडे द्रवरूप न होता निवत जातो, म्हणून तो इथे नेमका बसतो. नॉर्वेच्या गुस्ताव लोरेन्ट्सेन यांनी या वायूला नव्याने पुढे आणले आणि २००१ पासून जपानमध्ये ‘इकोक्यूट’ नावाने त्यावरचे घरगुती वॉटर हीटर विकले जाऊ लागले.

मात्र कार्बन डायऑक्साइडच्या यंत्राला आत येणारे पाणी गार लागते. मे महिन्यात नागपूरच्या टाकीतले पाणी कोमट असते, तिथे हा फायदा ओसरतो. उलट बाहेरची हवाच गरम असल्याने एकूण चढ लहान होतो आणि साधे यंत्रही चांगला गुणांक देते. म्हणून माहितीपत्रकावरचा ठळक गुणांक वाचण्याआधी, तो कोणत्या दोन तापमानांमध्ये मोजला आहे ती बारीक अक्षरातली ओळ वाचावी.