तालिकोटच्या लढाईचं चित्र कसं वाचायचं?

जानेवारी १५६५ मध्ये निजामशाही, आदिलशाही, बरीदशाही आणि आपली गोवळकोंड्याची कुतुबशाही यांनी मिळून तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला हरवलं. थोड्याच वर्षांत या लढाईची चित्रं अहमदनगरला काढली गेली. आफताबी या कवीच्या 'तारीफ-इ-हुसेनशाही' या फारसी काव्याच्या पोथीत ती आहेत. पोथी आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे.

एका चित्रात हुसेन निजामशाहासमोर रामरायाचा शिरच्छेद होतोय. बघणाऱ्याला वाटावं, लढाई एकट्या अहमदनगरनेच मारली! काव्य त्यांच्याच दरबारातलं, दुसरं काय असणार? गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशाह तरुणपणी सात वर्षं विजयनगरात रामरायाच्या आश्रयाला होता. म्हणजे ज्याने आसरा दिला त्याच्यावरच तो चालून गेला. हे दुखणं त्या चित्रात नाही.

पोथीत हुसेनशाहाची राणी खुंजा हुमायूनही होती. पुढे मुलाने तिला कैदेत टाकलं, आणि बऱ्याच चित्रांतून तिची आकृती पुसली गेली.

म्हणून लढाईचं चित्र असो की सिनेमा, दोन गोष्टी विचाराव्यात: हे कोणी काढवून घेतलं, आणि यातून कोणाला वगळलं?