धार लावायची, तीही साडेतीनला!

हॉटेलच्या किचनमध्ये कांदा चिरणारा पोऱ्या ढसाढसा रडतोय? कांद्याला बोल लावू नका, आधी सुरी बघा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये हाय-स्पीड कॅमेऱ्यासमोर कांदे चिरले. बोथट पात्याखाली कांदा आधी दबतो, मग फुटतो. रसाचे थेंब जास्त उडतात आणि जोरात उडतात. म्हणजे धारवाला रुमालाचा खर्चही वाचवतो!

हॉटेलांच्या सुऱ्यांना धार लावण्याचा जोडधंदा मनात असेल, तर मशीन कुठलं घ्यायचं हा प्रश्न दुय्यम. खरी गोची वेळेची. दुपारची जेवणं उरकल्यावर किचन जरा मोकळं होतं. तेवढ्यात सुऱ्या परत नाही आल्या तर संध्याकाळची तयारी अडते. यावर झकास तोड काढली ती उत्तर इटलीतल्या व्हाल रेंदेना खोऱ्यातल्या धारवाल्यांनी. पोटासाठी हे लोक लंडन-न्यूयॉर्कपर्यंत गेले. पुढे त्यांच्यातल्या काही घराण्यांनी हॉटेलांना सुऱ्या चक्क भाड्यानेच द्यायला सुरुवात केली. एक संच किचनमध्ये, दुसरा धारेला, ठरल्या दिवशी अदलाबदल. अमेरिकेत हा प्रकार आजही जोरात आहे. तिकडे त्या खोऱ्यातल्या पिन्झोलो गावात धारवाल्याचा पुतळा उभा आहे. आपल्याकडे सायकल स्टँडवर लावून पायडल मारणाऱ्याचा पुतळा कुणी उभारलाय?

स्पेनच्या ओरेन्से भागातले धारवाले आणखी वस्ताद. गल्लीत शिरताना पावा वाजवायचे आणि आपापसात ‘बारायेते’ नावाच्या गुप्त बोलीत बोलायचे. गिऱ्हाईक समोर आणि भावाची चर्चाही समोरच!

आता थोडं हातकामाचं. पातं दगडावर एका बाजूने घासत गेलं की दुसऱ्या बाजूच्या कडेवर बारीक खरखर उठते. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेकडे हलकेच सरकवला की ती जाणवते. मुठीपासून टोकापर्यंत ती सलग लागली की मगच पातं उलटायचं. शेवटी ही खरखर चामड्यावर उतरवायची. नाहीतर सुरी तुमच्यासमोर कागद सपासप कापते आणि किचनमध्ये जाऊन टोमॅटोवर घसरते.

कोन? जर्मन धाटणीच्या सुरीला दर बाजूला साधारण २० अंश, जपानीला १५ च्या आसपास. शेफ मंडळी ऐटीत फिरवतात ती साधी पोलादी सळई मुळात धार लावतच नाही, दुमडलेली धार सरळ करते. त्यामुळे सळईवाला शेफ तुमचा स्पर्धक नव्हे, गिऱ्हाईकच.

गरगरत्या चाकावरच्या ठिणग्या बघायला पोरं जमतात, पण पोलादाला ती आतषबाजी मानवत नाही. कडेवर निळी झाक आली म्हणजे ती ३०० अंश सेल्सिअसच्या घरात तापली; पाणी उतरलं, आता त्या कडेवर धार टिकायची नाही.

पिशवीत वीस सुऱ्या घेऊन निघालात आणि पोलिसांनी हटकलं तर? शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, पण घरगुती, शेतीच्या आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. तरी हॉटेलच्या नावाची पावती जवळ ठेवा. रस्त्यात नियम समजावत बसण्यापेक्षा ती दाखवणं सोपं.

सुऱ्या परत देताना मात्र आचाऱ्याच्या हातात देऊन मोठ्याने सांगा, ‘धार लावलीय!’ बोथट सुरीवर जोर देऊन हात बसलेला असतो, तोच जोर नव्या धारेवर पडला की बोट गेलंच. पहिल्या आठवड्यात सुऱ्यांसोबत बँडेज पट्ट्यांचं पाकीट फुकट द्या.